आराखड्यात नसलेली बाई

"मी तसं ठरवलं नव्हतं, पात्रच तसं वागलं." कथा-कादंबरी लिहिणाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येतं की ते खरं मानावं की सोडून द्यावं, हेच वाचकाला कळेनासं होतं. माझ्या मते ते खरं मानावं आणि त्याच्या खोलात जावं. लिहिताना माणसं न बोलावता येतात. ती का येतात, कुठून येतात आणि आल्यावर त्यांचं काय करायचं, याबद्दल नेमकं बोलता येतं. पण आपल्याकडे हा विषय निघाला की बोलणं 'प्रतिभा' या शब्दावर येऊन थांबतं आणि हाताला काहीच लागत नाही.

हा अनुभव थोड्या थोडक्यांचा नाही. मानसशास्त्रज्ञ मार्जोरी टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५० कथालेखकांशी बोलून केलेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. पात्रं आपल्या मर्जीने वागतात, बोलतात, लेखकाचं ऐकत नाहीत, असा काही ना काही अनुभव त्यांतल्या ९२ टक्के लेखकांनी सांगितला. पुढे २०२० साली एडिंबरा पुस्तक महोत्सवात आलेल्या १८१ लेखकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पात्रांचे आवाज ऐकू येतात म्हणणारे ६३ टक्के होते आणि पात्रं स्वतःहून काही करू शकतात म्हणणारे ६१ टक्के. टेलर यांच्या अभ्यासातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. ज्यांचं लेखन प्रसिद्ध झालेलं होतं, त्यांचे अनुभव इतरांपेक्षा जास्त वारंवार आणि जास्त तपशीलवार होते. म्हणजे हाताला लिहिण्याची सवय झाली की अशा गोष्टी वाढतात. कल्पना करण्याचं काम इतकं अंगवळणी पडतं की ते आपणच करतोय हे जाणवत नाही, फक्त त्याचं फळ समोर आल्यासारखं दिसतं. अभ्यासकांनी सुचवलेलं स्पष्टीकरण साधारण याच दिशेचं आहे, आणि मला ते पटतं.

पण ते अर्धंच आहे. उरलेलं अर्धं मनात नसतं, कागदावर असतं. अनपेक्षित पात्र बहुतेक वेळा आपणच आधी लिहिलेल्या पानांमधून येतं. त्या पानांत काहीतरी आपण लिहून गेलेलो असतो आणि वाचायचं राहून गेलेलं असतं. हे नुसतं सांगून पटणार नाही, म्हणून एक प्रसंग जवळून बघू.

समजा, दोन भावांची गोष्ट लिहायची आहे. वडील जाऊन सहा महिने झालेत, घर बंद आहे. थोरल्या प्रभाकरला ते विकायचंय, धाकट्या सुधाकरचा पाय निघत नाही. आराखडा असा: सुधाकर एकटा घरी जातो, वडिलांच्या कपाटात जुनी पत्रं सापडतात, ती वाचून त्याच्या मनातली अढी जाते आणि तो सही करतो. आराखडा वाईट नाही. त्यात फक्त जीव नाही, कारण हे सगळं वाचकाला लेखकाच्याही आधी कळतं.

लेखक सुधाकरला दारापर्यंत आणतो. कपाटाचा प्रसंग अवघड आहे, तिथे पोहोचायची घाई नाही, म्हणून दारात थोडा रेंगाळतो आणि लिहितो:

"त्याने लॅचमध्ये किल्ली घातली. किल्ली आत गेली, पण फिरेना. बाहेर काढून शर्टाला पुसली, पुन्हा घातली. फिरेना."

इथे किल्ली केवळ वेळ काढण्यासाठी आली. पण ती फिरत नाही असं एकदा लिहिलं की 'का' हा प्रश्न उभा राहतो आणि त्याची उत्तरं मोजकीच असतात. घर सहा महिने बंद म्हणून लॅच गंजलं. हे उत्तर वातावरणाला बरं, पण त्याच्या पुढे काही नाही. चुकीची किल्ली आणली. यातून सुधाकरचा वेंधळेपणा दिसेल, तो दाखवायचा असेल तर ठीक. प्रभाकरने लॅच बदललं आणि सांगितलं नाही. हे सगळ्यात काटकसरीचं उत्तर, कारण माणूस गोष्टीत आधीच हजर आहे. अशा वेळी पहिला विचार हाच करावा: जे काम नव्या माणसाकडून करून घ्यायचंय ते असलेल्यांपैकी कुणी करू शकेल का? करू शकत असेल तर नवा माणूस आणू नये. इथे मात्र प्रभाकरने बदललं म्हटलं की गोष्ट भावाने भावाला फसवल्याची होते. ती शंभरदा लिहून झालीय आणि प्रभाकर त्यात खलनायक होऊन सपाट पडतो.

राहिलं चौथं उत्तर. लॅच दुसऱ्याच कुणीतरी बदललंय. आणि ते कुणीतरी आत आहे.

"दार आतून उघडलं. साठीच्या आसपासची बाई, हात कोपरापर्यंत ओले.
'बेल चालू आहे की,' ती म्हणाली. 'वाजवायची.'
'तुम्ही कोण?'
'पाय पुसून या. आत्ताच फरशी पुसलीय.'"

या चार ओळींत काय घडलं ते बघा. सुधाकरने 'तुम्ही कोण' असं विचारलं आणि त्याचं उत्तर आलं नाही. प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं असतं ("मी इंदू, तुमच्या वडिलांकडे कामाला होते"), तर बाई माहिती देऊन संपली असती. तिने उत्तराऐवजी हुकूम सोडला, आणि हुकूम सोडणाऱ्याला त्या जागेवर आपला हक्क वाटत असतो. ही गोष्ट लेखकाने ठरवलेली नाही, वाक्याच्या चालीतून निघालेली आहे. घर कुणाचं हा दोघा भावांचा प्रश्न होता, त्यात आता तिसरी आली. तीही कागदपत्रांनिशी नाही, फडक्यानिशी. पुढची ओळ लिहिताना ती म्हणते, "जुनं लॅच अडकायचं. अण्णा दोनदा आत कोंडले गेले होते." आणि सुधाकर थबकतो, कारण त्याच्या घरात वडिलांना सगळे 'बाबा' म्हणत. अण्णा कोण, हे कळायला त्याला क्षणभर लागतं.

आता लेखकाने करायचं महत्त्वाचं काम पुढे लिहिण्याचं नाही, मागे वाचण्याचं आहे. चौथ्या पानावर त्यानेच लिहून ठेवलंय की प्रभाकर फोनवर कुरकुरतो, "बंद घराचं विजेचं बिल एवढं कसं येतं?" तेव्हा ते प्रभाकरचा हिशेबीपणा दाखवायला लिहिलं होतं. दुसऱ्या पानावर आहे की वडिलांना साधा चहा करता यायचा नाही. सहाव्या पानावर आहे की रोज रात्री फोनवर ते सांगायचे, "जेवण झालं." एवढ्यावर इंदूबाई आधीपासूनच त्या घरात राहत होती. बिल तिचंच होतं. लेखकाने तिला दार उघडायला लावलं तेव्हा पहिल्यांदा ती त्याला दिसली, इतकंच.

खरं अनपेक्षित आणि खोटं अनपेक्षित यांतला फरक ओळखायची माझ्या माहितीतली सगळ्यात भरवशाची खूण हीच. नवं माणूस आलं की मागची पानं काढावीत आणि त्याच्या येण्याची तयारी नकळत झालेली दोन-तीन ठिकाणं सापडतात का ते बघावं. ती मुद्दाम पेरायची नाहीत, आधीच पडलेली असायला हवीत. सापडली तर माणूस त्या गोष्टीचाच आहे. एकही सापडलं नाही तर तो कदाचित दुसऱ्या कुठल्या गोष्टीतून चुकून इकडे आलाय.

खोट्या आगंतुकांचे काही ठरलेले प्रकार आहेत. त्यातला सगळ्यात सर्रास दिसणारा म्हणजे पळवाट. लेखकाला एखादा अवघड प्रसंग टाळायचा असतो आणि नेमक्या त्याच जागी दारावर टकटक होते. हे तपासणं सोपं आहे: माणूस कुठल्या वाक्यानंतर आला ते बघा. दोघांचं भांडण निर्णायक वळणावर आलंय, आता एकाला काहीतरी न परतवता येणारं बोलावं लागणार, आणि तेवढ्यात शेजारी येतो, फोन वाजतो, मूल रडत उठतं. अशा आगंतुकाला नम्रपणे बाहेर काढावं आणि भांडण पुरं लिहावं. गंमत अशी की भांडण पुरं लिहिलं की कधीकधी खरा आगंतुक तिथे निघतो, एखाद्या नावाच्या रूपाने, जे रागाच्या भरात कुणाच्या तरी तोंडून निसटतं.

तुम्ही म्हणाल, किल्लीही अवघड प्रसंग टाळण्यासाठीच आली होती. बरोबर आहे. पण रेंगाळण्यातून जी बाई निघाली ती सुधाकरला कपाटापेक्षा अवघड जागी घेऊन गेली. पळवाट माणसाला सोप्या जागी नेते. फरक तिथे कळतो.

दुसरा प्रकार म्हणजे लेखकाचा निरोप्या. समजा इंदूबाई सुधाकरला बसवून पाणी देते आणि म्हणते, "तुमच्यावर त्यांचा फार जीव होता हो. पण बोलून दाखवता येत नव्हतं." संपलं. ही बाई लेखकाला हवं ते पोहोचवायला आलेली आहे, कपाटातल्या पत्रांचं काम तिने तोंडी केलं. निरोप्याची लक्षणं ठरलेली: तो पूर्ण वाक्यांत बोलतो, त्याला नेमकी हवी तीच माहिती असते, तो कुणाशी असहमत होत नाही आणि बोलून झाल्यावर त्याला जायचं कुठे हे कुणालाच माहीत नसतं. तिसरा प्रकार उसना माणूस. कल्पना चटकन सुचली आणि लखलखीत वाटली तर थोडं थांबावं, ती आधी कुठेतरी वाचलेली-पाहिलेली असण्याची शक्यता जास्त. म्हणून 'दार कोण उघडेल?' याची दहा उत्तरं एका कागदावर लिहून काढावीत. पहिली तीन-चार उत्तरं सगळ्यांनाच सुचतात. सहाव्या-सातव्याला हात अडखळतो, पेन थांबतं, आणि तिथून पुढे आपलं काहीतरी यायला लागतं. हा उपाय जुना आणि सोपा आहे. कंटाळवाणाही आहे, म्हणून फार थोडे तो करतात.

निरोप्याचं खऱ्या माणसात रूपांतर करता येतं, त्यासाठी त्याला काहीतरी हवं असावं लागतं. आणि जे हवंय ते मोठं, उदात्त नको. इंदूबाईला घर हवंय असं म्हटलं तर ती हक्काच्या भांडणातली एक बाजू होते. तिला प्रेमाची कबुली हवीय म्हटलं तर ती रडवी होते. पण ती आत जाते, डब्यातून चौकोनी घडी केलेली पावती आणते आणि म्हणते, "लॅचचे पैसे तेवढे द्यायचे राहिलेत." आता सुधाकरची पंचाईत होते. तिने घर मागितलं असतं तर त्याला नाही म्हणता आलं असतं. ती मागतेय तेवढं दिलं तर व्यवहार संपतो आणि तिला जायला सांगावं लागतं. न द्यावं तर तिचं देणं लागतं. पावती हातात घेऊन तो उभा राहतो आणि इथून पुढची गोष्ट आराखड्यात कुठेच नाही.

वस्तूबद्दल एक आग्रह इथेच नोंदवतो. अनपेक्षित गोष्टी वस्तूंमधून निघतात, भावनांच्या नावांमधून क्वचितच. 'तो अस्वस्थ होता' यातून पुढचं वाक्य म्हणून आणखी अस्वस्थताच निघते. 'किल्ली फिरेना' यातून माणूस निघतो, कारण वस्तूला कारण लागतं: कुणी आणली, कुणी मोडली, कुणी दुरुस्त केली. प्रसंग अडला असेल तर प्रत्येक पात्राच्या हातात काहीतरी द्यावं आणि हात काय करतात ते लिहावं. अगदी यांत्रिक वाटतं, पण चालतं.

आराखड्याचं काय? आराखडा करूच नये असं सांगणाऱ्यांशी माझं जमत नाही. मुळीच आराखडा नसेल तर काहीही अपेक्षित नसतं, मग अनपेक्षित तरी कशाला म्हणायचं? प्रभाकर घर विकणार, सुधाकर सही करणार हे पक्कं होतं म्हणून इंदूबाईच्या येण्याने काहीतरी बिघडलं. आराखड्यात कोणाला काय हवंय, त्याच्या आड काय येतंय आणि प्रसंग संपेल तेव्हा काय बदललेलं असायला हवं, एवढं असावं. कसं बदलेल ते मोकळं ठेवावं. प्रत्येक प्रसंगासाठी या तीन ओळींची एक चिठ्ठी पुरते. ज्या आराखड्यात संवादसुद्धा लिहिलेले असतात, तिथे लेखक फक्त भरणा करतो आणि भरणा करणाऱ्याला आजूबाजूचं दिसत नाही.

'लोलिता'चे लेखक नाबोकोव यांनी १९६७ सालच्या एका मुलाखतीत आपली पात्रं म्हणजे वल्ही मारणारे गुलाम आहेत, असं ठणकावून सांगितलं होतं. पात्रं लेखकाच्या हाताबाहेर जातात ही समजूत त्यांना मुळीच मान्य नव्हती. त्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी: ते कादंबरी कार्डांवर लिहीत, मधलं आधी, आधीचं मागाहून, आणि कागदावर येण्याआधी पुष्कळसं डोक्यात तयार असे. डोक्यात तयार होतानाही धक्के बसतच असणार. ज्याची जुळवाजुळव कागदाआधी होते त्याला धक्का कागदाआधी बसतो, ज्याची कागदावर होते त्याला कागदावर. पात्रं माझ्या ताब्यात आहेत म्हणणारा आणि पात्रं माझं ऐकत नाहीत म्हणणारा, हे दोघे मला एकमेकांचे विरोधक वाटत नाहीत. ते एकाच कामाच्या वेगवेगळ्या वेळा सांगतात.

शिवाय धक्के पहिल्या खर्ड्यातच बसतात हा समज तर पार चुकीचा. टॉलस्टॉय यांनी १८७६ च्या एप्रिलमध्ये आपले समीक्षक मित्र स्त्राखोव यांना लिहिलेलं पत्र या बाबतीत फार शिकवणारं आहे. 'ॲना कॅरेनिना'मध्ये ॲनाच्या नवऱ्याशी भेट झाल्यानंतरचं तिच्या प्रियकराचं, व्ह्रॉन्स्कीचं, प्रकरण त्यांचं कधीच लिहून झालं होतं. ते दुरुस्त करायला बसले आणि त्यांना स्वतःलाही कल्पना नसताना व्ह्रॉन्स्कीने स्वतःवर गोळी झाडून घ्यायची तयारी केली. पुढच्या गोष्टीसाठी ते आवश्यकच होतं हे त्यांना मागाहून कळलं. हे सगळं दुरुस्ती करताना झालं, म्हणजे लिहिलेलं पुन्हा वाचताना. पुनर्लेखन म्हणजे शब्द घासणं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे पत्र लक्षात ठेवावं.

दुसरं उदाहरण टोल्किन यांचं. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये खानावळीच्या कोपऱ्यात बसलेला अनोळखी प्रवासी हा आपल्यालाही धक्काच होता, तो कोण हे आपल्याला कथेच्या नायकाइतकंच, फ्रोडोइतकंच, ठाऊक नव्हतं, असं त्यांनी १९५५ सालच्या एका पत्रात लिहून ठेवलंय. त्यापुढची कथा मला जास्त महत्त्वाची वाटते. हा प्रवासी सुरुवातीच्या खर्ड्यांमध्ये लाकडी बूट घालणारा एक हॉबिट, म्हणजे टोल्किन यांनी कल्पिलेल्या बुटक्या जमातीतला, होता. तो माणूस आहे आणि राजघराण्याचा वारस आहे, इथपर्यंत यायला लेखकाला खर्ड्यांमागून खर्डे लिहावे लागले. कोपऱ्यात कुणीतरी बसलंय एवढंच अचानक आलं. बाकीचं सगळं काम होतं. आगंतुक येतो तेव्हा तो पुरा येत नाही, त्याची एखादी वस्तू किंवा लकब येते, आणि पहिल्यांदा आपण लावलेला तिचा अर्थ चुकीचा असू शकतो. इंदूबाई पहिल्या खर्ड्यात कामवाली असेल. तिसऱ्यात ती वडिलांच्या जुन्या कचेरीतली टंकलेखिका निघेल. ओले हात आणि 'बेल वाजवायची' मात्र टिकेल.

आता हिशेबाकडे येतो, कारण बहुतेकांची गाडी इथे अडते. नवं पात्र आलं की लगेच मागे जाऊन पहिलं प्रकरण दुरुस्त करायचा मोह होतो. तो आवरावा. मागे गेलेला माणूस तिथेच घासत बसतो आणि ज्या ओघात पात्र आलं तो तुटतो. एक वेगळी वही किंवा फाइल ठेवावी, त्यात पान क्रमांक आणि एका ओळीत बदल लिहावा: 'पान ४, बिलाचा उल्लेख राहू दे, आकडा नको.' 'पान ९, प्रभाकर घरी शेवटचा कधी गेला? तेव्हा त्याला ही दिसली नाही का?' आणि पुढचं असं लिहावं की जणू हे बदल झालेलेच आहेत. निदान तीन प्रसंग तिच्यासोबत लिहावेत, मग ती राहणार की जाणार ते ठरवावं. तीन प्रसंगांत जी वाढत नाही, तीच वाक्यं फिरवून बोलते, ती राहणार नाही हे तोवर उघड झालेलं असतं.

ठरवण्यासाठी एक क्रूर पण सरळ चाचणी आहे. फाइलची प्रत करावी, त्यातून तिला काढावं आणि उसवलेलं शिवून बघावं. दहा मिनिटांत शिवून झालं तर ती गोष्टीत कधी नव्हतीच. दोन प्रकरणं कोसळली तर ती आहे.

राहणार असेल तर कोणाचं काय जातं ते बघावं. प्रत्येक नवा माणूस कुणाचं तरी काम काढून घेतो. इंदूबाई आल्यावर कपाटातली पत्रं निरुपयोगी झाली. ती जीव तोडून लिहिलेली असतील तरी काढावी लागतात, नाहीतर वाचकाला एकच गोष्ट दोनदा कळते. वडिलांबद्दल सांगणारा एखादा जुना मित्र आराखड्यात असेल तर तोही बहुधा गेला. त्याचा एखादा चांगला तपशील इंदूबाईकडे वळवता येतो. मग वर्षांचा हिशेब: ती किती वर्षं त्या घरात येते, आई कधी गेली, तेव्हा सुधाकर कितीचा होता. कोणाला काय कधी कळलं, याचा तक्ता केला नाही तर हमखास घोळ होतो. आठव्या पानावर प्रभाकरला ठाऊक नसलेली गोष्ट पाचव्या पानावर तो बोलून गेलेला असतो. संपादकाच्या आधी वाचक अशी चूक पकडतो.

मागच्या पानांत जी थोडीफार पेरणी करावी लागते ती परिच्छेदाच्या शेवटी करू नये. तिथे वाचकाची नजर थांबते, त्याला खूण दिली जातेय हे कळतं. दुसऱ्याच गोष्टीबद्दलच्या वाक्याच्या पोटात ती घालावी. प्रभाकर बिलाबद्दल कुरकुरतो ते वाक्य दलालाच्या फोनबद्दलच्या परिच्छेदात मधोमध असलं की वाचक ते हिशेबीपणा म्हणून वाचतो आणि पुढे जातो, जसा लेखकही आधी गेला होता.

हप्त्याहप्त्याने छापणाऱ्यांना ही मुभा नसते. डिकन्स यांची 'पिकविक पेपर्स' ही कादंबरी १८३६ मध्ये महिन्याच्या हप्त्यांनी निघत असताना सॅम वेलर हा पुढे पिकविकचा नोकर झालेला माणूस चौथ्या हप्त्यात आला. तोवर खप काहीशेच्या घरात होता, पुढे तो ४०,००० वर गेला, आणि वेलर शेवटपर्यंत राहिला. आधीचे तीन हप्ते वाचकांच्या हातात पडलेले, त्यांत फिरवाफिरव शक्य नव्हती. आज जे आपली कादंबरी भागाभागाने प्रसिद्ध करतात त्यांची हीच अडचण. त्यांनी दोन-तीन भाग पुढे लिहून ठेवून मगच पहिला बाहेर काढावा, एवढा तरी अवकाश हाताशी हवा.

लांबीप्रमाणे नियम बदलतात. तीन हजार शब्दांच्या कथेत निम्म्यानंतर नवं माणूस आलं तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ असा की कथा चुकीच्या जागी सुरू झाली. दोघा भावांचे फोन, दलाल, प्रवास हे सगळं पुसून 'किल्ली फिरेना' हेच पहिलं वाक्य करून बघावं. मागचं जे आवश्यक आहे ते आपोआप आत येतं, आणि ते फार थोडं असतं. कादंबरीत पहिल्या तिसऱ्या हिश्शापर्यंत दार उघडं ठेवायला हरकत नाही. शेवटच्या तिसऱ्या हिश्शात मात्र नवी माणसं आणू नयेत. तिथे अनपेक्षित जे काही व्हायचं ते असलेल्यांच्याच हातून व्हावं.

आणि हातून होतं ते कधीकधी आराखड्याच्या उलट असतं. सुधाकरने सही करायची असं ठरलंय, पण पावती हातात घेतलेला सुधाकर सही करेना. लेखक त्याला ओढत टेबलापर्यंत नेतो. अशी ओढाताण पानावर दिसते. 'अचानक', 'नकळत', 'कोण जाणे का' असे शब्द वाढतात. संवादामागे क्रियाविशेषणं लागायला लागतात: ठामपणे, हताशपणे, शांतपणे. पात्र आपल्या वागण्याची कारणं सांगू लागतं. फाइलमध्ये 'अचानक' शोधून बघावं. ते जिथे आहे तिथे बहुधा लेखकाने कुणाला तरी ढकललेलं असतं. तिथे तीन वाटा आहेत. परिस्थिती बदलावी, म्हणजे सही न केल्याची किंमत वाढवावी. माणूस मागे जाऊन बदलावा, म्हणजे सही करणारा सुधाकर आधीपासून घडवावा. किंवा कृती बदलावी आणि तो सही करत नाही तर काय होतं ते लिहावं. मी तिसरीपासून सुरुवात करायला सांगेन. तिच्यात सगळ्यात कमी खोटं बोलावं लागतं. पण ती घ्यायलाच हवी असं नाही: पात्राने नकार दिला म्हणून लेखकाने दरवेळी मान तुकवायची गरज नाही. पात्राला गोष्टीच्या आकाराची पर्वा नसते, ती लेखकालाच करावी लागते. येईल त्याला आत घेणारी कादंबरी सहाशे पानांची होते आणि दोनशेव्या पानावर वाचक सुटतो.

लिहायला बसण्याबद्दल थोडं. पहिली तीन-चारशे शब्दांची मजल बहुधा आधीच माहीत असलेल्या गोष्टींची असते, तिथे काही नवं येत नाही. म्हणून वीस मिनिटांच्या तुकड्यांपेक्षा सलग तासभराची बैठक बरी. प्रसंग पुरा करून उठू नये, मध्ये, पुढचं वाक्य माहीत असताना उठावं. दुसऱ्या दिवशी फक्त शेवटचं पान वाचून सुरू करावं. मात्र आठवड्यातून एकदा सगळं पहिल्यापासून वाचावं, हातात पेन न घेता. दुरुस्त करायला लागलं की वाचणं थांबतं, आणि विजेचं बिल नजरेतून सुटतं. मोठ्याने वाचलं तर उत्तम. डोळे जे ओलांडून जातात तिथे जीभ अडते.

काढून टाकलेल्या माणसांसाठी वेगळी फाइल ठेवावी, पण त्यांना पुढच्या गोष्टीत जसंच्या तसं उचलून ठेवू नये. ती ज्या पानांमधून आली ती पानं तिथे नसतात, त्यामुळे ती तिथे निरोप्याच होतात. त्यांचं नाव पुसावं, वय पुसावं, आणि एखादी वस्तू किंवा एखादं वाक्य तेवढं ठेवावं. पुढच्या एखाद्या दारात ते वाक्य कोण बोलेल, ते तिथल्या पानांनाच ठरवू द्यावं.